वंगणतेल-दाब स्विच : तपासणी व दोषशोधन (बेळगाव सीमाभाग)

मोटारगाडीच्या एंजिनातील वंगणतेलाचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की चालकापुढचा लाल दिवा पेटवणारे छोटे विद्युत् उपकरण. गॅरेजात त्याला ‘ऑइल स्विच’ एवढेच म्हणतात. दिवा पेटला तर दोष स्विचचा, वायरचा की खुद्द तेलाच्या दाबाचा, हे ठरवणे हा तपासणीचा गाभा होय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी व संकेश्वर या पट्ट्यातील मराठी मेस्त्रींच्या कामात हा प्रश्न नेहमीचा आहे. येथील घाटरस्ते, पाऊस आणि यंत्रशाळांमुळे त्याला काही स्थानिक पैलूही आले आहेत.

रचना व कार्य : पितळी किंवा पोलादी षट्कोनी अंगाच्या या स्विचच्या एका टोकाला आटे असतात, दुसऱ्या टोकाला वायरची पिन. आत लवचिक पडदा, त्यावर स्प्रिंग व संपर्कबिंदूंची जोडी असते. एंजिन बंद असताना स्प्रिंगमुळे संपर्क जुळलेला राहतो. चावी फिरवताच प्रवाह दिव्यातून स्विचमध्ये येतो, स्विचच्या अंगातून एंजिनाच्या धातूच्या मुख्य अंगाला (ब्लॉकला) म्हणजे ‘अर्थ’ला जातो आणि दिवा लागतो. एंजिन सुरू झाल्यावर तेलाचा दाब पडद्याला ढकलतो, संपर्क सुटतो व दिवा विझतो. हे बहुतेक गाड्यांत साधारण ०.२ ते ०.५ बार (चौरस इंचाला सुमारे ३ ते ७ पौंड) दाबाला घडते. काट्याच्या मीटरला जोडलेला ‘सेंडर’ वेगळा. त्याचा रोध दाबानुसार बदलत जातो आणि पुढे दिलेल्या चालू-बंद चाचण्या त्याला लागू पडत नाहीत. जुन्या जीपगाड्यांवर दोन्हींची गल्लत झालेली आढळते.

उगम : लवचिक धातूच्या साहाय्याने दाब दाखवण्याचे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ यूजीन बूर्दाँ या फ्रेंच यंत्रज्ञाला देतात, वक्र नळीच्या दाबमापकाचे त्याचे पेटंट १८४९ चे आहे. मात्र दिव्याच्या स्विचमध्ये बूर्दाँची नळी नसते, पडदा असतो. पडद्याच्या दाबमापकाचा संबंध जर्मनीतील माग्देबुर्ग येथील बेर्नहार्ट शेफर याच्याशी जोडला जातो आणि त्याचा काळही १८४९-५० च्या आसपासचाच सांगतात. तेव्हा स्विचची वंशावळ बूर्दाँकडे नेण्याऐवजी शेफरकडे नेणे रचनेच्या दृष्टीने अधिक सयुक्तिक दिसते. दोघांचेही लक्ष्य बाष्पित्र व बाष्पएंजिन होते, हे खरे.

काट्याऐवजी दिवा प्रथम कोणी लावला, याबाबत अमेरिकेतील हडसन कंपनीचे नाव घेतले जाते. त्यासाठी १९३२ हे साल सर्रास दिले जाते. ‘१९३० च्या दशकाचा पूर्वार्ध’ म्हणणे अधिक सुरक्षित. काट्याच्या बाजूचे लोक दिव्याला तेव्हापासून हिणवत आले आहेत. त्यांच्या आक्षेपात तथ्य असले तरी काटा रोज पाहणारे चालक थोडेच असतात, हेही मान्य करावे लागते. भारतात १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या पॅनेलवर तेलदाबाचा काटा नव्हता, फक्त दिवा होता. सीमाभागातील मेस्त्रींची आजची मधली पिढी याच गाडीवर आणि तेच ७९६ घ.सेंमी.चे एंजिन असलेल्या ओम्नीवर हात बसवून तयार झाली आहे.

दिव्याचा अर्थ : गरम एंजिनाला वेगाच्या प्रवासात, म्हणजे मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांवर, साधारण ३ ते ४ बार दाब लागतो. दर हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला १० पौंड, हा जुना ढोबळ हिशेब त्याहून थोडा कमी, सुमारे दोन ते पावणेतीन बार देतो. दिवा मात्र अर्ध्या बारच्या आत केव्हातरी पेटतो. १ बार दाबावर महामार्गाने पळणाऱ्या गाडीचा दिवा विझलेलाच राहील आणि बेरिंगे घासत राहतील. म्हणून पेटलेला दिवा गांभीर्याने घ्यायचाच. पण विझलेला दिवा दाब पुरेसा असल्याचा पुरावा नव्हे. दोषशोधनातील बहुतेक चुका या दुसऱ्या वाक्याकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

विद्युत् तपासणी : सुरुवात डिपस्टिकने होते. गाडी सपाट जागेवर, एंजिन बंद करून काही मिनिटांनी तेलाची पातळी पाहिल्याशिवाय पाना उचलण्यात अर्थ नाही. “ऑइलची लाईट लागलीय” एवढेच गाडीमालक सांगतो. सकाळी थंड असताना की गरम झाल्यावर, सिग्नलला उभी असताना की चढाला, हे खोदून विचारावे लागते. त्या उत्तरात अर्धे निदान असते.

चावी ‘ऑन’ करूनही दिवा लागत नसेल, तर स्विचची वायर काढून तिचे टोक एंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवतात. दिवा लागला तर बल्ब, फ्यूज व वायर ठीक. दोष स्विचचा किंवा त्याच्या अर्थचा. न लागल्यास स्विच तूर्त बाजूला ठेवून वायर व मीटरपेटीकडे वळावे. उलट दिवा कायम लागलेला असेल, तर चावी ‘ऑन’, एंजिन बंद ठेवून वायर नुसती काढावी. तरीही दिवा चालूच असेल, तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. यासाठी एंजिन चालू करण्याची गरज नसते. दिवा पेटलेल्या अवस्थेत एंजिन फिरवत ठेवून वायर काढ-घाल करण्याची सवय मात्र अनेक ठिकाणी दिसते आणि दाब खरोखरच गेलेला असल्यास ती फार महागात पडते.

मल्टिमीटरने पिन व स्विचचे अंग यांच्यातील रोध मोजल्यास एंजिन बंद असताना तो जवळजवळ शून्य आणि चालू असताना अनंत यायला हवा. चाचणी दिवा वापरणाऱ्यांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेऊ नये. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि स्विचचे नाजूक संपर्क तेवढ्यासाठी केलेले नसतात. पॅनेलमधला दोन-तीन वॅटचा बल्ब पुरतो.

काढलेला स्विच हवेवर तपासण्याची पद्धत पंक्चरच्या दुकानांशेजारच्या गॅरेजांत रूढ आहे. स्विचच्या तोंडावर रबरी नळीचा तुकडा घट्ट चढवतात, मीटर ‘बीप’वर (संपर्क जुळलेला असला की वाजेल असा) ठेवून त्याची एक वायर स्विचच्या अंगाला व दुसरी स्विचच्या पिनेला लावतात आणि हवेचा रेग्युलेटर शून्यापासून हळूहळू उघडतात. काटा जागेवरून जेमतेम हलतो न हलतो तोच बीप थांबला तर स्विच चांगला. दाब सोडल्यावर बीप परत यायला हवी. एक बार चढूनही बीप चालूच राहिली तर स्विच बाद. कंप्रेसरची पूर्ण हवा एकदम सोडल्यास स्विच उघडतो एवढेच कळते, किती दाबाला उघडतो ते कळत नाही. नवा स्विचही बसवण्याआधी असा तपासून घ्यावा, कारण नकली सुटे भाग बाजारात मुबलक आहेत.

दाबमापकाची चाचणी : वायर व स्विच ठीक ठरल्यावर, किंवा जराही शंका असल्यास, स्विचच्या जागी काट्याचा दाबमापक बसवून एंजिन गरम करतात. गरम एंजिनावर आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता एंजिन नुसते चालू असताना) १ बारच्या आसपास आणि वाढत्या फेऱ्यांबरोबर चढता दाब मिळाला तर एंजिनाला दोष देता येत नाही. नेमके आकडे त्या त्या एंजिनाच्या सेवापुस्तिकेतलेच धरावेत. गरम आयडलिंगला दिवा मिणमिणतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझतो, ही तक्रार स्विचचीही असू शकते व झिजलेल्या बेरिंगांचीही. दोन्हींतला फरक केवळ मापक सांगतो. घट्ट तेल घालून दिवा घालवण्याचा उपाय सर्वत्र चालतो. मापकावरचा आकडा त्याने चढतो, बेरिंगमधली फट तेवढीच राहते.

आट्यांचा प्रश्न : स्विचचे आटे हा वरकरणी क्षुल्लक, पण प्रत्यक्षात तंट्याचा विषय आहे. जपानी घडणीच्या एंजिनांवर, म्हणजे भारतातील मारुतींवरही, एक अष्टमांश इंची ब्रिटिश शंक्वाकार नळी-आटे असतात : इंचाला २८ आटे, कोन ५५ अंश. अमेरिकी एक अष्टमांश इंची नळी-आटे इंचाला २७ व ६० अंशांचे. युरोपीय एंजिनांवर बहुधा १० मिमी व्यासाचे, १ मिमी अंतराचे मेट्रिक आटे येतात. त्यांचा कोनही ६० अंश. तिन्हींचे व्यास इतके जवळचे की एकाचा स्विच दुसऱ्याच्या भोकात दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. बेळगावचे उद्यमबाग हे ओतकाम, यंत्रण व हायड्रॉलिक सुट्या भागांचे जुने केंद्र असल्याने येथे दोन फायदे मिळतात. मापकासाठी योग्य आट्यांचा ॲडाप्टर लेथवर बनवून घेता येतो, आणि गेलेले आटे बुश बसवून दुरुस्तही होतात. मात्र हायड्रॉलिक फिटिंगे करणाऱ्याकडे सरळ व शंक्वाकार आटे पाडणारे दोन्ही टॅप असतात. त्याला नमुन्याचा स्विच हातात न देता केवळ ‘एक अष्टमांश’ सांगणे पुरेसे नाही.

गळती रोखण्यासाठी आट्यांवर टेफ्लॉन टेप लावावी की नाही, याबाबत दोन मते आहेत. टेपमुळे स्विचचा अर्थ तुटतो व दिवा लागत नाही, असे वायरिंगचे काम करणारे सांगतात. फिटरांच्या मते शंक्वाकार आटे आवळताना टेप कापली जाऊन धातू धातूला भिडतोच. सुझुकीच्या सेवापुस्तिका स्विचच्या आट्यांना सीलिंग टेप गुंडाळायला स्वतःच सांगतात, यावरून दुसऱ्या मताकडे कल झुकतो. टेप पाच-सहा वेढे झाली तर पहिले मतही खरे ठरू शकते. शिवाय तिचे धागे तेलाच्या वाटेत जाण्याचा धोका आहेच. टोकाचे एक-दोन आटे मोकळे ठेवून मोजके वेढे द्यावेत आणि बसवल्यावर स्विचचे अंग व ब्लॉक यांतील रोध मोजून वाद तिथेच मिटवावा. आवळणीला १२ ते १५ न्यूटन-मीटर पुरतात. लांब दांड्याच्या पान्याने हा आकडा नकळत ओलांडला जातो.

सीमाभागातील विशेष दोष : बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे गोव्याला उतरणारा चोर्ला घाट आणि खानापूर-लोंढ्याकडून जाणारा अनमोड घाट या दोन्ही वाटांवर वळणावर दिवा क्षणभर चमकून जाण्याची तक्रार येते. तेलाची पातळी कमी असली की तीव्र चढावर व वळणात चेंबरमधले, म्हणजे एंजिनाच्या तळच्या तेलपेटीतले, तेल एका बाजूला सरकते, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. येथे स्विच बदलणे व्यर्थ होय. ऊसाच्या फडातील चाकोऱ्या व गावरस्त्यांवरच्या दगडांनी चेंबर खालून चेपला, तर तो जाळीला टेकून तेलाची वाट अडवतो. पातळी योग्य, स्विच नवा आणि दिवा तरीही चालू, अशा वेळी गाडीखाली वाकून पाहिले की उलगडा होतो. खानापूरच्या पश्चिम भागातील पावसात पिनेवर हिरवट गंज चढून जोड तुटतो व दिवा लागेनासा होतो. हा दोष चालकाच्या लक्षात येत नाही, म्हणूनच अधिक वाईट. फुटलेल्या पडद्यातून तेल पिनेपर्यंत झिरपणे सर्वत्र आढळते. कनेक्टर काढताच बोट तेलकट झाले तर स्विच बदलावा.

थंड एंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद दिवा रेंगाळत असेल, तर बहुधा फिल्टरमधील तेल परत वाहू न देणारा व्हॉल्व्ह निकामी असतो.

नवी वाहने : नियंत्रक संगणक असलेल्या गाड्यांत स्विचची वायर थेट दिव्याकडे न जाता संगणकाकडे जाते, वायर अर्थ करण्याची जुनी चाचणी तेथे सेवापुस्तिका पाहिल्याखेरीज करू नये. फोक्सवॅगनच्या काही एंजिनांवर दोन स्विच असतात. त्यांतील जास्त दाबाचा स्विच उलट्या पद्धतीने, दाब आल्यावर जुळणारा असल्याने चांगला स्विचही नेहमीच्या चाचणीत बाद ठरतो.