लोडवर दम टाकणारा जुना स्किड स्टीअर: पंप खोलण्याआधी डिझेलचा रस्ता तपासा

स्किड स्टीअर म्हणजे पुढे बकेट असलेला छोटा लोडर. सकाळी सेल मारला की मशीन लगेच चालू होते, जागेवर उभी असताना नीट चालते. बकेट ढिगात घालून रेस वाढवली की थोड्या वेळाने इंजिन दबायला लागतं, आवाज खालीवर होतो, ताकद जाते आणि मशीन बंद पडते. थोडं थांबून पुन्हा सेल मारला की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. ही तक्रार घेऊन आलेले बरेच ग्राहक "पंप गेला" हा निकालही सोबत आणतात. फ्युएल इंजेक्शन पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा) हा डिझेलच्या रस्त्यावरचा सगळ्यात महाग भाग. तो उतरवून बेंचवर पाठवला, तिथे ठीक निघाला, परत बसवला आणि मशीन पुन्हा तिथेच बंद पडली, असं व्हायला नको म्हणून हे पत्रक. यातली माहिती मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनांसाठी आहे. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या, फार जास्त दाबाच्या) इंजिनवर यातलं काहीही करून पाहू नका.

आधी धूर बघा

इंजिन दबताना काळा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय किंवा इंजिनवर झेपेल त्याहून जास्त बोजा आहे. अशा वेळी एअर फिल्टर आणि हायड्रॉलिक्सकडे वळा. डिझेल कमी पडत असेल तर इंजिन जवळजवळ धुराविनाच दबतं, कधी मरता मरता पांढरट धूर सोडतं.

मशीन चावी फिरवल्यासारखी एका झटक्यात बंद होत असेल, तर संशय विजेवर घ्या. सीटचा स्विच, सेफ्टी बारचा स्विच, गंजलेलं कनेक्टर किंवा डिझेल बंद करणारा सॉलेनॉईड, यांपैकी काहीही असू शकतं. सॉलेनॉईडच्या वायरला टेस्ट लॅम्प लावून ठेवा. इंजिन बंद पडण्याच्या क्षणी दिवा विझला, तर डिझेलच्या लाईनमागे लागण्यात अर्थ नाही. डिझेल तुटलं की इंजिन सहसा आचके देत, थोडं सावरत, पुन्हा दबत बंद होतं. ऑपरेटरला हा फरक कानाने कळतो. म्हणून मालकांनी मशीन कशी बंद पडली हे आधी त्याला विचारावं.

टाकी आणि झाकण

डिझेल जसं खाली जातं तशी टाकीत हवा शिरायला हवी. ती शिरली नाही तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढून इंजेक्शन पंपाला पुरवणाऱ्या छोट्या पंपाला) डिझेल ओढता येत नाही. स्किड स्टीअर दिवसभर धुळीत फिरतो, त्यामुळे झाकणातलं किंवा व्हेंट नळीतलं बारीक छिद्र बुजणं अगदी नेहमीचं आहे. मशीन दबायला लागताच झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर दोष सापडला. झाकण नुसतं सैल ठेवून काम पुढे रेटू नका, धूळ आणि पाणी आत जातं. व्हेंट साफ करा किंवा झाकण बदला.

दुसरा संशयित टाकीच्या आत असतो. कॅनच्या तोंडावरच्या सीलचा तुकडा, पान, चिंधी किंवा टाकीच्या तळाचा काळा गाळ पिकअप नळीच्या (टाकीतून डिझेल ओढून घेणाऱ्या नळीच्या) तोंडाशी ओढला जातो. रेस वाढली की ओढ वाढते आणि तोंड झाकलं जातं. इंजिन बंद पडलं की ओढ संपते, कचरा सुटून तरंगायला लागतो आणि मशीन पुन्हा चालू होते. "थांबलं की आपोआप बरी होते" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. काळा बुळबुळीत गाळ दिसला तर टाकीत पाणी साचलंय. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि तो गाळ तयार करतात. अशी टाकी उतरवून धुवावीच लागते, नुसता फिल्टर बदलून पुन्हा तेच होईल.

टाकी अर्ध्याखाली गेली की किंवा चढावर मशीन तिरकी झाली कीच त्रास होत असेल, तर पिकअप नळीला वरच्या बाजूला चीर आहे का बघा. डिझेल चिरेच्या खाली गेलं की नळी हवा ओढते.

होज पाईप: गळत नाही म्हणजे चांगला आहे असं नाही

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढीवर चालते. तिच्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो, म्हणून चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. होज बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि तरी एअर घेत असतो. मशीन रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बराच वेळ सेल मारावा लागतो, हँड प्रायमर (लाईनमध्ये हाताने डिझेल भरायचा पंप) मारल्याशिवाय चालू होत नाही, ही त्याचीच खूण. रात्रीत हवा शिरून डिझेल टाकीकडे परत उतरलेलं असतं.

जुना रबरी होज आतूनही दगा देतो. बायोडिझेल मिसळलेल्या इंधनाने जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. आतला थर सुटून झडपेसारखा लोंबतो आणि ओढ वाढली की रस्ता अडवतो. होज काढून एका बाजूने फुंकून बघा, मग दुसऱ्या बाजूने. एकीकडून मोकळा आणि दुसरीकडून अडला, तर तो होज टाकून द्या. दहा वर्षांहून जुन्या मशीनवर आम्ही सक्शनचे सगळे होज आणि क्लिपा एकदमच बदलायला सांगतो. एकेक बदलत बसलात तर कुठल्या जोडातून एअर येतेय हे कळायला फार वेळ जातो.

हवा डोळ्यांनी बघायची असेल तर फीड पंपाच्या आधी डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा घाला आणि उजेड धरा. लाईनमधली एअर (अडकलेली हवा) काढल्यावर पहिली एक-दोन मिनिटं बुडबुडे येतील, ते सोडून द्या. त्यानंतरही मोहरीएवढे बुडबुडे सलग येत राहिले, तर गळती त्या नळीच्या मागे, टाकीकडे आहे. इथे नळी स्वच्छ आणि पंपानंतर लावलेल्या नळीत बुडबुडे, तर मधला जोड किंवा पंपच हवा घेतोय. नळीत बुडबुडे नाहीत, पण ती आत चिपटायला लागली, तर मागे कुठेतरी अडथळा आहे.

वेगळ्या कॅनवर चालवून बघा

आम्हाला एकच चाचणी करायची मुभा असेल तर आम्ही हीच करू. टाकीची लाईन सोडा आणि नवीन होज थेट स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये घाला. रिटर्नची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. कॅन टाकीच्या पातळीलाच ठेवा. उंचावर ठेवलात तर डिझेल आपोआप उतरेल आणि अशक्त फीड पंपही चांगला वाटेल. कॅन सायलेन्सर, पंखा आणि पट्ट्यांपासून दूर घट्ट बांधा. इंजिनवर बोजा द्यायला बकेट शेवटपर्यंत टिल्ट करून काही सेकंदच धरा, जास्त वेळ धरलं तर हायड्रॉलिक तेल तापतं. ऑपरेटर सीटवर, सेफ्टी बार खाली आणि मशीनजवळ दुसरं कोणी नाही, एवढं पाळूनच हे करा.

नेहमी जेवढ्या वेळात बंद पडते त्याहून जास्त वेळ मशीन अशी चालली, तर दोष टाकी, झाकण किंवा जुन्या लाईनमध्ये. कॅनवरही दबली, तर फीड पंपाकडे आणि त्याच्या पुढे चला.

फीड पंप आणि फिल्टर

इलेक्ट्रिक फीड पंप टकटक करतो म्हणजे डिझेल पुरवतोच असं नाही. आउटलेट सोडून भांड्यात धार मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. इंजिनच्या कॅमवर चालणाऱ्या डायफ्रॅम पंपाचं रबर फाटलं तर डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर इंजिन चालवू नका. फिल्टर आणि वॉटर सेपरेटर बदलताना सीलचं रबर आणि बँजो बोल्टचे (डिझेलची लाईन जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर नवीनच घाला. फिल्टर बदलल्यावर सुरू झालेला त्रास बहुतेक तिथेच असतो.

हे मात्र करू नका

लोडरचे बकेट उचलणारे आर्म वर असताना त्यांच्याखाली किंवा उचललेल्या कॅबखाली लॉक लावल्याशिवाय जाऊ नका. पंपापासून नोझलपर्यंतच्या पोलादी नळ्यांवरची गळती हाताने चाचपू नका. तिथे शेकडो बारचा दाब असतो, डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना आत तापणारे प्लग) असलेल्या इंजिनला ईथरचा स्प्रे मारू नका. प्लास्टिकच्या टाकीत कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडू नका. लाईन उलटी फुंकायची तर इंजिनकडचं टोक सोडून, झाकण उघडून, हलक्या हवेने.

आम्हाला फोन करताना

बंद पडायला किती वेळ लागतो, तेव्हा टाकीत किती डिझेल होतं, धुराचा रंग काय होता आणि झाकण सैल केल्यावर फरक पडला का, एवढं सांगा. नळीतल्या बुडबुड्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढला असेल तर तोही पाठवा. पुरवठ्याचा दाब बरोबर, नळीत एकही बुडबुडा नाही, फिल्टर नवीन, सॉलेनॉईडला वीज पूर्ण आणि रिटर्न लाईन मोकळी, हे सगळं झाल्यावरही मशीन दबत असेल, तर पंप उतरवायला आम्ही स्वतः सांगू. जुना फिल्टर बदलला असेल तर फेकू नका. न धुता, न कापता पिशवीत बांधून सोबत आणा. तो कापला की आत गाळ आहे, गंज आहे की रबराचे कण, ते दिसतं आणि पुढची तपासणी कुठून सुरू करायची ते ठरतं.