जुन्या गाडीला एलपीजी किट बसवताय? आधी कागद जुळवा

ओमनीला एलपीजी किट बसवल्यापासून वाडीतला कोणी ना कोणी सारखा विचारतो, आरटीओत काय काय लागतं रे, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो. गाडी २००७ ची, एमएच ०७ पासिंग, ७९६ सीसी. किट बसायला एक दिवस लागला. आरसीवर चढायला दीड महिना, आणि त्यातला महिना निव्वळ एका आकड्यापायी गेला, ते पुढे सांगतो.

सगळ्यात आधी पंप बघा. सीएनजीचा नाही, ऑटो एलपीजीचा, म्हणजे गाड्यांसाठीच्या एलपीजीचा, हे दोन वेगळे आहेत आणि निम्म्या लोकांचा इथेच घोळ असतो. सीएनजी टाकीत २०० बारच्या आसपास दाबाने भरतात, एलपीजी त्यामानाने अगदी कमी दाबात द्रवरूप राहतो, म्हणून टाकी हलकी आणि गोल चाकासारखी पण मिळते, स्टेपनीच्या जागी बसते. पण आपल्याकडे किनारपट्टीला ऑटो एलपीजीचा पंप म्हणजे शोधायचं काम. तुमच्या रोजच्या रस्त्यावर नसेल तर पुढचं वाचू नका, खरंच. मी आठवड्यातून एकदा घाटावर माल घेऊन जातो, येताना टाकी फुल करतो, म्हणून मला जमतं.

आता कोणाची गाडी चालते. पेट्रोलची पाहिजे. डिझेलला असं किट लावून भागत नाही, तिथे अख्खं इंजिन बदलायचा मामला येतो. प्रायव्हेट गाडीला १५ वर्षं झाली असतील तर रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं हवं, ते ५ वर्षांसाठी होतं, फॉर्म २५ भरून आणि गाडी दाखवून. ते लटकलेलं असेल तर आधी ते उरका, कारण मेलेल्या आरसीवर फेरबदल कोण चढवणार. गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी.

किट कुठलंही चालत नाही. पुण्याच्या एआरएआय सारख्या सरकारमान्य टेस्टिंग संस्थेचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलच्या किटला मंजुरी लागते, केंद्रीय मोटार वाहन नियमातला ११५ सी बघा, आणि त्या अप्रूव्हलची मुदत ३ वर्षं असते. ते कुठल्या गाड्यांना, किती सीसीपर्यंतच्या इंजिनांना लागू आहे हे त्यात लिहिलेलं असतं. दुकानदार फोटो दाखवून "सर्टिफाइड आहे साहेब" म्हणेल, तुम्ही झेरॉक्स मागा आणि आपली गाडी त्यात बसते का आणि तारीख संपलीय का ते स्वतः वाचा. बसवणारा पण किट कंपनीने अधिकृत केलेला पाहिजे. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीला साधं व्हेपरायझर-मिक्सरचं किट (व्हेपरायझर म्हणजे द्रवाचा वायू करणारा भाग), एमपीएफआयला, म्हणजे इंजेक्टरवाल्या गाडीला, सिक्वेन्शियल किट, त्यात गॅसचे वेगळे इंजेक्टर आणि वेगळा ईसीयू, म्हणजे इंजेक्टर चालवणारा कंट्रोलर येतो, महाग पडतं. एमपीएफआयला साधं किट बसवून देतो म्हणणारा भेटला तर चहा पिऊन परत या.

आणि घरचा सिलेंडर. मागच्या सीटखाली १४.२ किलोचा लाल सिलेंडर आडवा टाकून, रबरी नळी ओढून फिरणाऱ्या ओमन्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. २००१ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने ते सरळ सरळ गुन्हा आहे, पण गुन्ह्याचं सोडा. गाडीच्या टाकीला ८० टक्के भरली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो, कारण उन्हात गॅस फुगायला जागा लागते, वर नळी तुटली तर गॅस अडवणारा व्हॉल्व्ह असतो. घरच्या सिलेंडरला यातलं काय आहे? एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की गाडीच्या तळाशी साचून राहतो, आणि एक ठिणगी पुरते.

कागद असे. ओरिजिनल आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, आधार, टॅक्स भरल्याचा पुरावा. किटचं जीएसटी बिल, टाइप अप्रूव्हलची कॉपी, वर्कशॉपचं फिटमेंट सर्टिफिकेट ज्यात किटचा सीरियल नंबर आणि टाकीचा नंबर दोन्ही आहेत, आणि टाकीचं टेस्ट सर्टिफिकेट. टाक्यांना मंजुरी पेसो देते, ही स्फोटक-ज्वालाग्राही गोष्टींच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था, मुख्यालय नागपूरला. शिवाय चेसिस नंबरचा पेन्सिल छाप, तो वर्कशॉपवालाच काढून देतो. अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा, आरसीला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, त्यामुळे गाडी वडिलांच्या नावावर आणि नंबर कोणाचा तरी बंद पडलेला असला तर आधी तो बदला. फी ऑनलाइन भरा, अपॉइंटमेंट घ्या, गाडी घेऊन जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी न घेता फेरबदल केला तर १४ दिवसांच्या आत कळवावं लागतं. परवानगीशिवाय तसंच फिरलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका फेरबदलाला ५,००० रुपये दंड, नाहीतर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

माझा घोटाळा इथेच झाला. इन्स्पेक्टर साहेबांनी मॅट वर केली, टाकीवरच्या नंबरच्या पट्टीवर टॉर्च मारली आणि मला म्हणाले नंबर वाचा. मी वाचला. शेवटचे दोन आकडे ३८. हातातल्या सर्टिफिकेटवर ८३. वर्कशॉपवाल्याने टायपिंगमध्ये उलटे केलेले, आणि मी पैसे मोजताना नंबर मोजलाच नव्हता. साहेबांचं काही चुकलं नाही, टाकी कागदातली नाही म्हटल्यावर ते सही कसे करणार. मग फोन, "उद्या पाठवतो", परत फोन, मधे चतुर्थी आली, वर्कशॉप आठ दिवस बंद, शेवटी मीच घाट चढून नवीन सर्टिफिकेट घेऊन आलो. तर किट बसल्याबसल्या, गाडी वर्कशॉपच्या बाहेर काढायच्या आधी, पट्टीचा मोबाईलवर फोटो काढा आणि कागदाशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवा. किटच्या सीरियलचं पण तसंच.

पासिंग झालं की आरसीवर इंधन "पेट्रोल/एलपीजी" येतं. ते आलं की त्याच दिवशी इन्शुरन्सवाल्याला कळवा. ओन डॅमेजला, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाला, किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीला ६० रुपये, वर जीएसटी, एवढंच वाढतं, आणि हे वाचवायच्या नादात क्लेम गेला तर मग बसा.

चालवायला कशी? लिटरमागे मायलेज कमी पडतं, गॅसमध्ये लिटरमागे ताकदच कमी असते, पेट्रोलच्या साधारण पाऊणपट. परशुराम घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर आणावी लागते. सकाळी स्टार्ट पेट्रोलवरच करायची, इंजिन तापलं की गॅसवर टाकायची, कारण व्हेपरायझरला गरम कूलंट लागतो. रेडिएटर गळका असेल तर किटच्या आधी तो करा. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट गॅसवर लवकर झिजतात, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, अधूनमधून तपासून घ्या.

आपल्याकडची खारी हवा आणि पाऊस हा वेगळा विषय. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि टाकीच्या पट्ट्या, बोल्ट आणि ती नंबरची पट्टी गंजते, माझ्या मामेभावाच्या गाडीत ती हाताने चोळली तरी वाचता येत नव्हती. दर ५ वर्षांनी टाकीची टेस्ट करावी लागते, तेव्हा नंबर दिसलाच नाही तर टेस्ट कशाची करणार. मी खड्ड्याच्या तळाचं बूच काढून ठेवलंय आणि पट्टीला दर पावसाळ्याआधी ग्रीस लावतो.

जुनं किट कोणी स्वस्तात देत असेल तर त्याची टाकी शेवटची कधी टेस्ट झाली ते आधी विचारा, आणि किट काढून गाडी परत नुसती पेट्रोलवर आणायची असली तरी आरटीओत ही सगळी फेरी परत मारावी लागते.