भारतीय वस्त्रोद्योग आणि निर्यात

कापूस पिकवण्यापासून शिवलेला शर्ट बोटीवर चढवण्यापर्यंत सगळी कामे एकाच देशात होतात, असे देश जगात मोजकेच. भारत त्यांपैकी एक. सरकारी अंदाजानुसार या उद्योगात प्रत्यक्ष राबणारे हात साडेचार कोटींच्या घरात आहेत. शेतीखालोखाल सर्वांत जास्त रोजगार इथेच आहे. सूत, कापड, तयार कपडे, चादरी-टॉवेल, गालिचे असे सगळे धरून निर्यात अलीकडे वर्षाला ३५ ते ३८ अब्ज डॉलरच्या दरम्यान असते. २०२१-२२ मध्ये ती ४४ अब्जांवर गेली होती, पण तिथे टिकली नाही. २०३० पर्यंत १०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले आहे. त्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा सुमारे १६ अब्ज डॉलर आहे आणि दहा वर्षांपूर्वीही तो जवळजवळ तेवढाच होता. त्याच दहा वर्षांत बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात २५ अब्जांवरून ३९ अब्जांवर गेली, आणि त्या देशात पिकणाऱ्या कापसावर तिथल्या गिरण्यांची गरज जेमतेम काही दिवस भागेल.

थोडक्यात, भारताची ताकद शेताच्या आणि सूत कातणाऱ्या चातीच्या बाजूला आहे. माल सुईकडे सरकतो तशी ती कमी होत जाते, आणि खरा पैसा तर सुईपाशीच आहे. असे का झाले, हे पाहायला थोडे मागे जावे लागते.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला चात्या फिरू लागल्या. पुढच्या शंभर वर्षांत गिरणगाव उभे राहिले. सूत, माग, रंग सगळे एका आवारात, अशी ती संमिश्र गिरणी. स्वातंत्र्यानंतर हातमागाला संरक्षण द्यायचे म्हणून गिरण्यांना नवे माग बसवण्यावर बंधने आली, कर चढले. हातमागाला त्याचा फायदा थोडाच झाला. मधल्या फटीतून यंत्रमाग वाढले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्या पूर्वीसारख्या कधी चालल्या नाहीत. आज देशातल्या कापडापैकी पाच टक्केसुद्धा संमिश्र गिरण्यांत विणले जात नाही. विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत, इरोड अशा गावांत विखुरले आहे.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला. आज तिथल्या कुठल्याही गल्लीत शिरले की दोघांत बोलणे अशक्य होईल इतका खडखडाट असतो. इथली व्यवस्था समजली की निर्यातीचे अर्धे कोडे सुटते. बरेच मागवाले ‘खर्चीवाले’ आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. मागवाल्याला फक्त विणण्याची मजुरी. ती मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावरून इथे मोर्चे निघाले आहेत. सायझिंगमधून बीम येते, म्हणजे खळ दिलेले उभे धागे गुंडाळलेला रूळ. मग वहिफणी कामगार त्याची हजारो टोके एकेक करून वहीच्या, म्हणजे मागावर उभे धागे वरखाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून ओवतो. नंतर माग सुरू. तयार होणारे कोरे कापड रंगायला अनेकदा राजस्थानात पाली-बालोत्र्याला जाते आणि शिवायला आणखी तिसरीकडे. प्रत्येक टप्प्यावर दलाल, ट्रक आणि आठ-दहा दिवस. परदेशी खरेदीदाराला मात्र हजारो मीटर कापड एकाच छटेचे, एकही गाठ वा तुटलेला धागा नसलेले आणि ठरल्या तारखेला हवे असते. साध्या मागावर ते जमत नाही. त्याला रॅपियर किंवा एअरजेट असे धोट्याशिवाय चालणारे आधुनिक माग लागतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या तंत्रज्ञान सुधारणा निधी योजनेच्या व्याज सवलतीवर असे माग पुष्कळ आले. पण ते घ्यायची ऐपत खर्चीवाल्याची नाही. त्याचे जुने माग भंगारात किलोवर जातात.

शिलाईच्या टप्प्यावर तर सरकारी धोरणानेच हात बांधले होते. विणलेल्या कापडाचे कपडे शिवण्याचे काम २००० सालापर्यंत आणि होजिअरी, म्हणजे बनियन, टी-शर्टसारखे ताणणारे कपडे, २००५ पर्यंत लघुउद्योगासाठी राखीव होती. हेतू चांगला होता, पण हजार शिलाई यंत्रांचा कारखाना काढणे कायद्यानेच अवघड झाले. १९७४ च्या बहुतंतू करारापासून श्रीमंत देशांनी प्रत्येक देशाला कापड-कपडे आयातीचा कोटा ठरवून दिला होता, तोवर हे खपून गेले. १ जानेवारी २००५ रोजी कोटा संपला. त्या दिवशी चीनकडे अवाढव्य कारखाने तयार होते, आपल्याकडे नव्हते.

कापसाचे दुखणे वेगळे आहे. लागवडीखालचे क्षेत्र भारतात जगात सर्वांत जास्त, पण हेक्टरी रुईचे उत्पादन साडेचारशे किलोच्या आसपास; ब्राझील आणि चीन त्याच्या चौपट काढतात. विदर्भ-मराठवाड्यातला बहुतेक कापूस पावसावर येतो. बोंडअळीला तोंड देणारे, जनुक बदललेले बीटी वाण २००२ मध्ये आले, उत्पादन काही वर्षे वाढले, मग गुलाबी बोंडअळी त्यालाही सरावली; २०१७ च्या हंगामात यवतमाळ-अमरावतीकडे तिने शेतेच्या शेते पोखरली. प्रतीबाबत एक गोष्ट शेतकऱ्याला कोणी नीट सांगत नाही. कापूस वेचून खताच्या प्लास्टिक पोत्यात भरला की पोत्याचे बारीक तंतू त्यात मिसळतात. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढताना, ते दिसत नाहीत, सुतातही नाहीत. कापड रंगवल्यावर तेवढी रेघ पांढरी राहते आणि सगळा ताका नापास होतो. ‘कस्तुरी’ या नावाने भारतीय कापसाला ओळख देण्याची खटपट त्यासाठीच आहे. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२१ पासून आयात कापसावर ११ टक्के कर बसला. अधूनमधून तो उठवला जातो, पुन्हा बसतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा कर आधार, तर गिरणीवाल्याच्या दृष्टीने अडचण. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

त्यातही जगाची पसंती बदलली. जगात वापरल्या जाणाऱ्या तंतूंपैकी ७० टक्क्यांच्या आसपास मानवनिर्मित आहेत: पॉलिस्टर, व्हिस्कोस, नायलॉन. व्यायामाचे कपडे, जाकिटे, पोहण्याचे पोशाख, सगळे त्यातून होते. आपली कपडे निर्यात मात्र अजून मुख्यतः सुती, म्हणजे उन्हाळी. त्यामुळे कारखान्यांना वर्षाचे काही महिने भरपूर काम आणि बाकीचे दिवस ओढाताण. सुरतेत पॉलिस्टर भरपूर आहे, पण ते साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या देशी बाजाराचे. त्यात करांची रचना उलटी होती. कृत्रिम तंतूवर १८ टक्के जीएसटी, त्याच्या सुतावर १२ आणि कापडावर ५, त्यामुळे पैसा परताव्यात अडकून पडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तंतू आणि सूत दोन्ही ५ टक्क्यांवर आले. आयात तंतूंवरचे गुणवत्ता नियंत्रण आदेशही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेतले गेले. २०२१ ची १०,६८३ कोटींची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना याच तंतूंसाठी होती. तिची प्रवेश अट मात्र छोट्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेरची होती.

जिथे साखळी एका गावात जुळली, तिथे चित्र निराळे आहे. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमधून देशाच्या होजिअरी निर्यातीतला निम्म्याहून अधिक माल जातो. सूत, विणाई, रंगाई, शिलाई सगळे काही मैलांत. त्याची किंमत नोय्यल नदीने मोजली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली शेकडो रंगाई केंद्रे बंद झाली, आणि सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत स्वीकारूनच ती पुन्हा उघडली. तो खर्च तेव्हा जड गेला. आता युरोपातले खरेदीदार तेच प्रमाणपत्र आधी मागतात. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीतल्या कारखानदारांनी ही गोष्ट वाचण्यासारखी आहे. घरगुती कापडातही भारत मजबूत आहे. अमेरिकेत आयात होणाऱ्या सुती चादरींपैकी निम्म्याहून अधिक भारतीय असतात. सोलापूरचे टेरी टॉवेल भौगोलिक मानांकन मिळवून आहेत.

एकाच बाजारावर भिस्त ठेवण्याचा धोका २०२५ मध्ये दिसला. कपडे निर्यातीतला सुमारे एक तृतीयांश माल अमेरिकेला जातो. एप्रिलमध्ये तिथे भारतीय मालावर २६ टक्के जादा आयात शुल्क जाहीर झाले, ७ ऑगस्टला २५ टक्के लागू झाले आणि २७ ऑगस्टपासून ते ५० टक्क्यांवर गेले. कपड्याच्या धंद्यात नफा शेकड्यात पाच-सात असतो. एवढे शुल्क कोणी पोटात घालू शकत नाही. त्यामुळे युरोपकडे नजर वळली. ब्रिटनशी व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या, युरोपीय संघाशी वाटाघाटी संपल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये झाली. या बाजारांत भारतीय कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत शुल्क होते, तर बांगलादेशाला अल्पविकसित देश म्हणून माफी. तो दर्जा नोव्हेंबर २०२६ मध्ये संपण्याचे ठरलेले आहे, तरी युरोपने पुढची तीन वर्षे सवलत चालू ठेवली आहे.

केंद्राच्या पीएम मित्र योजनेतल्या सात वस्त्रोद्योग उद्यानांपैकी एक अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे होत आहे. कापसाच्या पट्ट्यातच कताईपासून शिलाईपर्यंत सगळे आणायचे, असा त्यामागचा विचार. विदर्भाची रुई आजवर गाठी बांधून बाहेर जात आली, त्यामुळे कल्पना जुनीच आहे. रंगाईला लागणारे पाणी आणि शिलाईला लागणाऱ्या हजारो मुलींच्या राहण्याची सोय यांवर तिचे भवितव्य अवलंबून आहे.

दरम्यान बांगलादेश हाच भारतीय सुती सुताचा सर्वांत मोठा ग्राहक आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याने जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणे थांबवले, मे महिन्यात भारताने तिथले तयार कपडे फक्त कोलकाता आणि न्हावा-शेवा बंदरांतून घ्यायचे ठरवले. सूत आता बोटीने जाते. त्याचे झालेले शर्ट न्हावा-शेव्याला उतरतात.