दिष्ट प्रवाह पारेषण वाहिनीतील दोषस्थान निश्चिती

चंद्रपूर ते पडघे ही ±५०० किलोव्होल्टची एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या दिष्ट म्हणजे डीसी प्रवाहाची) वाहिनी १९९९ साली सुरू झाली. सुमारे ७५२ किमी लांबीच्या या वाहिनीवर कुठेतरी वीज पडली, तार मनोऱ्याला टांगणाऱ्या विद्युतरोधक डिस्कच्या माळेवरून ठिणगी मनोऱ्यात उतरली किंवा फांदी तारेजवळ आली, तर दोषाची नेमकी जागा शोधण्याला दोषस्थान निश्चिती म्हणतात.

एसी (दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाच्या) वाहिनीत व्होल्टेज व प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून दोषाचे अंतर काढता येते. स्थिर दिष्ट प्रवाहात तारेच्या प्रवर्तनाचा (बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा) अडथळा जाणवत नाही. उरतो तो निव्वळ रोध, आणि त्यातही ठिणगीचा अज्ञात रोध मिसळलेला असतो. शिवाय सवड मिळत नाही. दोष कळताच कन्व्हर्टरचे (एसी-डीसी रूपांतर करणाऱ्या यंत्रणेचे) नियंत्रण काही मिलिसेकंदांतच प्रवाह शून्याकडे नेते, ठिणगी विझू देते आणि वाहिनी पुन्हा चालू करून पाहते.

म्हणून भिस्त धावत्या लहरींवर असते. व्होल्टेज कोसळल्याची लहर दोषापासून दोन्ही टोकांकडे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघते. समजा, दोष चंद्रपूरपासून २०० किमीवर आहे. चंद्रपूरला लहर ०.६७ मिलिसेकंदात पोहोचते, तर पडघ्याला १.८४ मिलिसेकंदांत. या १.१७ मिलिसेकंदांच्या फरकात लहर सुमारे ३५२ किमी धावते. ते अंतर ७५२ मधून वजा करून निम्मे केले की २०० किमी मिळतात. दोष नेमका कोणत्या क्षणी घडला, हे ठाऊक असण्याची गरजच नाही. दोन्ही टोकांची घड्याळे मात्र जीपीएसने जुळलेली हवीत. वेळेच्या फरकात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर जागा सुमारे १५० मीटरने सरकते. भर पावसात जंगलातून पेट्रोलिंग करणाऱ्या लाइन कर्मचाऱ्यांसाठी या अचूकतेचे मोल फार मोठे आहे. गणितात तारेची खरी लांबी धरावी लागते. झोळामुळे ती मनोऱ्यांमधील अंतरापेक्षा थोडी जास्त भरते.

एकाच टोकावरूनही परावर्तित लहर मोजून जागा काढता येते, पण दोन्ही टोकांची पद्धत अधिक भरवशाची. दोषाचा रोध मोठा असेल, तर लहर क्षीण होऊन गोंगाटात हरवते. तिचा पहिला चढ टिपायला वेव्हलेट विश्लेषण (संकेतातले क्षणिक, अचानक बदल वेगळे काढणारी गणिती पद्धत) वापरतात. केबलमध्ये लहरीचा वेग बराच कमी असतो आणि केबल जिथे ओव्हरहेड तारेला मिळते तिथूनही लहर परावर्तित होते.

ईशान्य भारत ते आग्रा या ±८०० किलोव्होल्टच्या बहुटोकी वाहिनीत किंवा चीनच्या चांगपेई येथील डीसी जाळ्यात आधी दोषी भाग ओळखावा लागतो, कारण प्रत्येक जोडावर लहरी फुटतात. चांगपेईसारख्या व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टरच्या जाळ्यात विद्युतभार साठवणारे कपॅसिटर लगेच रिकामे होऊ लागतात व प्रवाह झपाट्याने चढतो. त्यामुळे संरक्षण यंत्रणा आधी तो भाग तोडते आणि नोंदवलेल्या लहरींवरून जागा नंतर काढली जाते.