दहा सेकंदांचं पान

ज्युपिटर नोटबुकात, म्हणजे ब्राउझरमधल्या कोड चालवायच्या वहीत, एमएनई-पायथन हे मेंदूच्या नोंदी तपासायचं साधन घेऊन ईईजीची (मेंदूच्या विद्युत तरंगांच्या नोंदीची) फाइल उघडली, की आपण काही वेगळं सांगितलं नाही तर समोर दहा सेकंदांचा तुकडा येतो. डावीकडे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांची नावं, उजवीकडे एकाखाली एक धावणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा. हा दहाचा आकडा संगणकाच्या सोयीचा नाही. तो कागदावरून आला आहे.

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बेर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतला विद्युत संदेश पहिल्यांदा टिपला, तो प्रकाशसंवेदी कागदावर. निबंध प्रसिद्ध करायला त्यांना 1929 उजाडलं. पुढे 1935 च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट ग्रास यांनी शाईच्या लेखण्यांचं यंत्र बांधलं आणि कागदावर मेंदूचे तरंग सलग उमटू लागले. कागद सेकंदाला 30 मिलिमीटर सरकवायचा, हा वेग तिकडे रूढ झाला. म्हणजे 30 सेंटिमीटरच्या पानावर दहा सेकंद, आणि वीस मिनिटांच्या तपासणीची 120 पानं.

या वेगाला डोळ्यांच्या बाजूनं अर्थ आहे. लहान मुलं काही क्षण हरवल्यासारखी होतात त्या अपस्मारात सेकंदाला साधारण तीन टोकदार लाटा येतात. कागदावर त्यातली प्रत्येक लाट एक सेंटिमीटर रुंद पडते आणि पान उलटता उलटताही नजरेत भरते. वेग अर्ध्यावर आणला तर लाटा दाटतात, दुप्पट केला तर पसरून ओळख हरवतात. वाचणाऱ्याची नजर या एकाच मापावर तयार झाली. म्हणून कागद गेला तरी माप राहिलं.

नोटबुकाच्या गोष्टीत मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो जॉन हंटर. शिकागोत मेंदूविज्ञानाचं संशोधन करताना त्याच्यापुढे अपस्माराच्या रुग्णांच्या थेट मेंदूच्या पृष्ठभागावरून घेतलेल्या नोंदी होत्या. प्रयोगशाळेकडे त्या पाहायच्या सॉफ्टवेअरचा परवाना एकच, आणि त्याची किल्ली सगळ्यांनी पाळीपाळीनं वापरायची. हंटरनं आधी मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं साधन लिहिलं, ते अपुरं पडू लागल्यावर तो पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे वळला. आयपायथन या पायथनमध्ये ओळीओळीनं काम करायच्या साधनातून आलेख काढता यावेत म्हणून त्यानं ते साधन लिहिणाऱ्या फर्नांडो पेरेझ यांना एक दुरुस्ती पाठवली. पेरेझ पीएच.डी. संपवण्याच्या घाईत होते, काही महिने ती पाहता येणार नाही असं त्यांनी कळवलं. मग हंटरनं वेगळंच काम सुरू केलं. 2003 मध्ये बाहेर आलेलं ते मॅटप्लॉटलिब. आज हवामानापासून शेअर बाजारापर्यंत ज्याचे आलेख दिसतात, ते साधन मेंदूचे तरंग नीट पाहता यावेत म्हणून जन्मलं, हे ते रोज वापरणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतं. हंटर 2012 मध्ये गेला, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. पेरेझ यांच्या आयपायथनला 2011 मध्ये नोटबुकाचं रूप आलं आणि 2014 मध्ये त्यातून ज्युपिटर प्रकल्प निघाला.

नोटबुकानं आकडेमोड, आलेख आणि टिपणं एका जागी आणली, पण सुरुवातीला एक गोष्ट हिरावून घेतली. आलेख म्हणजे चिकटवलेलं स्थिर चित्र झालं, त्यात पुढचं पान नव्हतं. मेंदूच्या नोंदींसाठी हा तोटा मोठा आहे, कारण पापणी लवल्याची लाट कोणती आणि खरा बिघाड कोणता, हे मागे-पुढे सरकून पाहिल्यावरच उमगतं.

अडचण होती ती वजनाची. 64 चॅनेल (म्हणजे 64 रेघा), प्रत्येकीचे सेकंदाला 1000 नमुने, एक तास: हे 23 कोटी 4 लाख आकडे होतात. गणित करणारा कर्नल, म्हणजे नोटबुकामागे चालणारा प्रोग्राम, एकीकडे, चित्र दाखवणारा ब्राउझर दुसरीकडे. एवढा ऐवज मधून पाठवला तर पान गुदमरतं. शिवाय पडदा जेमतेम 2000 बिंदू रुंद. तासभराची नोंद त्यावर बसवली तर एका बिंदूच्या वाट्याला 1.8 सेकंद येतात. त्या काळाची सरासरी काढली तर 70 मिलिसेकंदांची टोकदार लाट पुसली जाते, आणि डॉक्टर शोधत असतात ती नेमकी तीच. म्हणून प्रत्येक बिंदूमागे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत ठेवून बाकीचं गाळायचं, सरकवलं की तेवढाच तुकडा कर्नलकडून नव्यानं मागवायचा, ही रीत आली. बोके, प्लॉटली, होलोव्ह्यूज यांसारख्या साधनांमुळे आणि मॅटप्लॉटलिबच्या हलत्या रूपामुळे नोटबुकात पान उलटणं पुन्हा जमू लागलं.

कागदाची एक सोय अजून पुरती परतलेली नाही. तंत्रज्ञ समासात पेन्सिलीनं ‘डोळे मिटले’, ‘हालचाल’ असं लिहायचे आणि ते पानासोबत कायम राहायचं. नोटबुकात माउसनं खराब तुकडा खुणावला तर ती खूण कर्नलच्या स्मृतीत असते, कोडच्या ओळींत नाही. फाइलमध्ये आवर्जून जपून ठेवली नाही, तर कर्नल बंद होताच ती जाते, आणि दुसऱ्या दिवशी तेच नोटबुक वरपासून चालवलं की तो तुकडा पुन्हा गणितात येऊन बसतो.