वाकलेला हात म्हणजे फेकी गोलंदाजी नव्हे

श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज मुथय्या मुरलीधरनचा हात कोपरात वाकलेला दिसतो, म्हणून तो चेंडू फेकत असे, हा समज १९९५ च्या मेलबर्न कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी त्याला सात वेळा नो-बॉल दिल्यापासून आजतागायत फिरतो आहे. हा समज चुकीचा आहे, कारण नियम हाताच्या वाकलेपणावर आक्षेप घेतच नाही. दंडाची, म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतच्या भागाची, रेषा जमिनीशी समांतर आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती सरळ होते, एवढेच तो पाहतो. २००५ पासून या सरळ होण्याची मर्यादा सर्वांसाठी १५ अंश आहे. मुरलीधरनचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही, म्हणून त्याचा हात वाकलेला दिसतो.

मग डोळा का फसतो? टीव्हीचे चित्र सपाट असते, आणि वाकलेला हात खांद्यापासून फिरत असताना एकाच कोनातून तो सरळ होत असल्याचा भास होतो. प्रयोगशाळेत म्हणूनच खांदा, कोपर व मनगट यांवर प्रकाश परावर्तित करणाऱ्या छोट्या खुणा चिकटवून, चहूबाजूंच्या अतिवेगवान कॅमेऱ्यांच्या चित्रांतून संगणक त्या प्रत्येक खुणेचे त्रिमितीय स्थान काढतो आणि त्यावरून कोपराचा कोन क्षणाक्षणाला मोजतो. अशाच मोजणीत २००४ मध्ये मुरलीधरनचा ‘दूसरा’ (नेहमीच्या ऑफस्पिनच्या उलट दिशेने वळणारा चेंडू) तेव्हाच्या पाच अंशांच्या मर्यादेबाहेर आढळला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मात्र तो निष्कर्ष मोजणीचा होता. टीव्हीवरचे स्थिरचित्र दाखवून एखाद्या खेळाडूला फेकी ठरवणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे.