चुकलं तर नाही ना? एका टोचणीची पार्श्वभूमी

नकोसा विचार सारखा छळतो आणि त्यापायी माणूस तीच ती कृती करत राहतो, त्या ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) या आजाराला मराठीत एक जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र म्हणताना काहीतरी चुकलं आणि त्यापायी डोकं फिरलं, असा त्याचा मूळ अर्थ. आज आपण तो सारखे हात धुणाऱ्या किंवा लावलेलं कुलूप दहादा ओढून बघणाऱ्या माणसासाठी वापरतो, पण शब्दाच्या पोटातली भीती वेगळी आहे. माझ्या हातून काही वावगं घडलं तर नाही ना, ही ती भीती. मघाशी गाडीला धक्का बसला तो खड्ड्याचाच होता ना? मी बोललो त्याने कुणाचं आयुष्य बिघडलं तर? मनात असला घाणेरडा विचार आलाच कसा, म्हणजे मी मुळातच वाईट आहे का?

हात धुणं निदान दिसतं. इथे सगळं आत चालतं. घडलेला प्रसंग मनात पुन्हापुन्हा फिरवून बघायचा, जवळच्या माणसाला 'खरंच काही झालं नाही ना' असं विचारायचं, न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायची. म्हणून हा त्रास वर्षानुवर्षं लपून राहतो आणि 'फार हळवा स्वभाव' या नावाखाली खपून जातो.

याच्या जुन्या सविस्तर नोंदी युरोपातल्या चर्चच्या दप्तरात सापडतात. पापाची कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंकडे अशी माणसं पुन्हापुन्हा येत. त्यांच्या अवस्थेला लॅटिनमधल्या 'स्क्रुपुलस' या शब्दावरून नाव पडलं. स्क्रुपुलस म्हणजे बारीक टोकदार खडा. आपणही मनाला टोचणी लागली असंच म्हणतो. पुढे धर्मसुधारक म्हणून गाजलेला मार्टिन ल्यूथर तरुण संन्यासी असताना तासन्‌तास कबुली देत बसायचा. जेसुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा अनुभव तर या आजाराचं वर्मच सांगतो. १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसा इथे राहत असताना, आयुष्यभराच्या पापांची सविस्तर कबुली देऊन झालेली असूनही त्याला वाटत राहिलं की काहीतरी सांगायचं राहिलं. जीव द्यावा असे विचार येण्यापर्यंत वेळ आली. अखेर धर्मगुरूने बजावलं, अगदी स्पष्ट आठवत असेल तेवढंच सांग, बाकी जुनं काही उकरू नकोस. पण त्याला तर सगळंच स्पष्ट आठवत होतं! त्या सवलतीचा उपयोग शून्य झाला. जुन्या पापांची कबुली यापुढे द्यायचीच नाही असं त्याने स्वतः ठरवलं, तेव्हा कुठे तो सुटला.

पुढे त्याने वाळलेल्या काडीचं उदाहरण लिहून ठेवलं. दोन काड्या एकमेकींवर पडून क्रूस झालेला असतो, त्यावर नकळत पाय पडतो, आणि मग मनात येतं की पाप झालं. झालं नाही हेही कळत असतं, तरी शंका जात नाही. कळणं आणि खात्री वाटणं यांतली ही फट आजच्या कुठल्याही रुग्णाला लगेच ओळखू येईल.

इंग्लंडमधल्या नॉर्विचचे बिशप जॉन मूर यांचं १६९२ साली छापलेलं प्रवचन मला या इतिहासातलं सर्वांत कनवाळू पान वाटतं. नेमके प्रार्थनेच्या वेळी अभद्र विचार येणारी ही माणसं बहुतेक करून सज्जन असतात, असं त्यांनी लिहिलं. त्यांचा सल्ला होता की या विचारांशी हातघाईवर येऊ नका. झगडलं की ते वाढतात, दुर्लक्ष केलं की विरतात.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न डॉक्टरांकडे आला. फ्रेंच डॉक्टर एस्किरोल यांनी १८३८ च्या ग्रंथात एका ३४ वर्षांच्या बाईची हकीकत दिली आहे. अठराव्या वर्षी मावशीच्या घरून निघताना तिला एकाएकी भीती वाटली, अ‍ॅप्रनच्या खिशातून आपण मावशीची एखादी वस्तू तर नेत नाही ना? पुढे हिशेबाचं काम करताना आकडा चुकून कुणाचं नुकसान होईल ही भीती आली, मग पैशाला हात लावला तर बोटांना काही मौल्यवान चिकटून राहील ही भीती. ही काळजी वेडगळ आहे हे ती स्वतःच सांगत असे. इथे पाप नाही, देव नाही. भीतीने फक्त कपडे बदलले होते.

फ्रान्समध्ये याला 'संशयाचं वेड' म्हणू लागले. १८७७ मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ वेस्टफाल यांनी मनावर बळजबरीने लादल्या जाणाऱ्या विचारांसाठी नवा शब्द दिला. त्याचं भाषांतर इंग्लंडमध्ये 'ऑब्सेशन' आणि अमेरिकेत 'कम्पल्शन' असं झालं, आणि दोन्ही जोडून आजचं लांबलचक नाव बनलं. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९०७ साली धार्मिक विधी आणि रुग्णाच्या कृती यांतलं साम्य मांडलं. मनोविश्लेषणात पुढची काही दशकं 'हे कुठून आलं' याचा शोध चालला, पण लक्षणं हटेनात. मला वाटतं त्याचं एक कारण असं की शंकेखोर माणसाला तिथे शंका काढायला आणखी जागा मिळते.

खरं वळण १९६६ चं. लंडनमधल्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकीला धर्मनिंदेचे विचार छळत होते. ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि नंतरची शुद्धीची कृती करायची नाही, एवढंच सूत्र. १९७४ पर्यंत अशा १५ रुग्णांपैकी १० जणांना चांगला गुण आला होता. आज याला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की आजार नसलेल्या माणसांपैकीही सुमारे ८० टक्के लोकांना असेच नकोसे विचार येतात. म्हणजे दोष विचारात नाही, त्याला दिलेल्या अर्थात आहे. १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ सॅल्कोव्हस्किस यांनी त्या अर्थाचं नाव सांगितलं: अवाजवी जबाबदारीची जाणीव. मनात आलं म्हणजे केल्यासारखंच, हा समजही याच घरातला.

औषधांची वाट वेगळी होती. क्लोमिप्रामीन या नैराश्यावरच्या औषधाला अमेरिकेत १९८९ साली ओसीडीसाठी मान्यता मिळाली, नंतर एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं आली. नैराश्यापेक्षा इथे बहुधा जास्त डोस लागतो आणि गुण यायला दहा-बारा आठवडेही जातात.

आपलं काही चुकलं या भीतीवर ईआरपी प्रत्यक्षात कशी चालते? धक्का खड्ड्याचाच होता ना, अशी शंका येणारा गाडीवाला त्या रस्त्याने एकदाच जातो आणि मागे वळून बघत नाही. 'कदाचित मी कुणाला धडक दिली असेल, मला कधीच कळणार नाही' हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहून तो रोज वाचतो. सुरुवातीला पोटात गोळा येतो. काही दिवसांनी तेच वाक्य शिळं होतं. श्रद्धाळू रुग्णाला कुणी देवाची निंदा करायला लावत नाही. नेमकी मर्यादा कुठे, हे धर्मगुरूला एकदाच विचारायचं आणि पुन्हा त्या प्रश्नाकडे जायचं नाही, असं ठरवून घेतात.

घरच्यांनाही शिकावं लागतं, आणि त्यांचं काम जास्त जिवावर येणारं आहे. रडवेल्या आवाजात शंभराव्यांदा 'माझं काही चुकलं नाही ना?' असं विचारणाऱ्या बायकोला नवऱ्याने 'नाही गं' म्हणायचं नाही. ते ऐकून तिला दहा मिनिटं बरं वाटतं आणि अकराव्या मिनिटाला प्रश्न परत येतो. तो म्हणतो, "हा प्रश्न आजार विचारतोय, त्याला मी उत्तर देणार नाही. पण मी इथेच बसलोय तुझ्याजवळ."